ओरॅकल डेटाबेसमध्ये कालचा डेटा मागताना १५५५, ३००५२ आणि १४६६ या एरर का येतात?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहेत. काल दुपारी साडेचारच्या सुमारास एका गटातल्या ऊस खेपांचा तोडणी टोळी कोड दुरुस्त करायचा होता. अपडेट चालवताना अटीतला गट क्रमांक राहून गेला. त्या पंधरवड्यातल्या सगळ्या खेपांना एकच टोळी लागली आणि कमिटही झालं. आज सकाळी शेतकी विभागाने यादी काढली तेव्हा ते उघड झालं.

मग यांनी खेपांच्या टेबलवर 'ॲज ऑफ टाइमस्टॅम्प' लावून काल दुपारी चारचा डेटा मागितला. क्वेरी थोडा वेळ चालली आणि ओआरए-०१५५५ देऊन थांबली. 'व्हर्जन्स बिटवीन' लावून पाहिलं, तर ओआरए-३००५२ आली. कुणीतरी सांगितलं म्हणून अनडू रिटेन्शन, म्हणजे जुनी रूपं किती सेकंद राखायची ते ठरवणारं पॅरामीटर, ९०० वरून ८६४०० केलं. आता ३००५२ गेली, पण १५५५ परत आली. दरम्यान सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या माणसाने पुन्हा असं होऊ नये म्हणून टोळी कोडाच्या कॉलमवर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे चुकीची नोंद अडवणारी अट, टाकला. तेव्हापासून तीच क्वेरी ओआरए-०१४६६ देते आहे. त्यांचं विचारणं असं की रिटेन्शन चोवीस तास केल्यावरही डेटा का मिळत नाही, आणि एरर दर वेळी का बदलते?

मी सांगलीत राहून कारखाने, दूध संघ आणि पतसंस्थांचे ओरॅकल डेटाबेस सांभाळत आलो आहे. हा प्रसंग हंगामात कुठे ना कुठे घडतोच. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, एरर का येतात. दुसरा, टोळीचे कोड परत कसे मिळवायचे. तुम्ही पहिल्याचं उत्तर शोधत बसलात आणि त्या वेळात दुसऱ्याचा सगळ्यात सोपा रस्ता बंद झाला. त्यामुळे दोन्हींबद्दल लिहितो. काही गोष्टी तुमच्या सर्व्हरवर अवलंबून आहेत. अनडू टेबलस्पेस (अनडूसाठी राखलेली डिस्कवरची जागा) केवढी आहे, ती आपोआप वाढते की नाही, व्हर्जन कोणतं, डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये (बदलांचे लॉग जपून ठेवणाऱ्या) आहे का, रात्रीचा बॅकअप कशाने होतो, हे मला माहीत नाही. जिथे त्यावर उत्तर फिरतं तिथे तसं सांगत जाईन.

मुळाशी एक गैरसमज आहे. 'कालचा डेटा मागता येतो' म्हटलं की वाटतं, ओरॅकलने कालचा डेटा कुठेतरी ठेवलेला आहे. तसं नसतं. ठेवलेली असते ती उलट जाण्याची माहिती. एखादी ओळ बदलली की तिचं आधीचं रूप अनडूमध्ये लिहिलं जातं. रोलबॅक करायचा झाला, म्हणजे बदल मागे घ्यायचा झाला, तर ते लागतं, आणि त्याच वेळी दुसरं कुणी वाचत असेल तर त्याला जुनं रूप दाखवायलाही लागतं. तुम्ही कालच्या चारचा डेटा मागता तेव्हा ओरॅकल आधी त्या वेळेचा एससीएन, म्हणजे डेटाबेसचा अंतर्गत क्रमांक, शोधतं. मग टेबलचा एकेक ब्लॉक आजच्या रूपात वाचतं आणि अनडू उलटं लावत त्याला त्या क्रमांकापर्यंत मागे नेतं. या साखळीत वेळेचा क्रमांक सापडायला हवा, अनडू शिल्लक असायला हवं, टेबलचं रूप तेव्हापासून तेच असायला हवं आणि तुम्हाला तशी परवानगी हवी. यांतलं जे कमी पडेल त्याची एरर वेगळी. तुमच्याकडे एरर बदलत गेली ती म्हणूनच. एक अडथळा निघाला की पुढचा दिसला, आणि शेवटचा अडथळा तर नव्याने उभा केला गेला.

आता १५५५. संदेशात 'स्नॅपशॉट टू ओल्ड' असतं. याचा अर्थ एवढाच, की ब्लॉक मागे नेण्यासाठी जे अनडू लागत होतं त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी अनडू लिहिलं गेलंय. अनडूची जागा फिरती असते. कमिट झालेल्या व्यवहाराचं अनडू काही काळ राखलं जातं आणि मग ती जागा पुन्हा वापरली जाते. हा काही काळ ठरवणारं पॅरामीटर म्हणजे अनडू रिटेन्शन. ते सेकंदांत असतं आणि मुळात ९०० असतं, म्हणजे पंधरा मिनिटं.

पण हे पॅरामीटर म्हणजे हमी नाही. कालव्याच्या पाळीचं वेळापत्रक कितीही लांब लिहिलं तरी पाणी मिळतं ते साठ्यावर. इथे साठा म्हणजे अनडू टेबलस्पेसचा आकार. टेबलस्पेस आपोआप वाढणारी असेल, तर ओरॅकल तुमचा आकडा किमान मर्यादा म्हणून धरतं आणि जमेल तोवर फाइल वाढवत नेतं. कमाल आकार गाठला की मात्र मुदत न संपलेलं अनडूही दुसऱ्या व्यवहारांना दिलं जातं. टेबलस्पेस ठरावीक आकाराची असेल तर ओरॅकल तुमचा आकडा बाजूला ठेवतं, आणि आहे त्या जागेत, आहे त्या वर्दळीत किती काळ राखता येईल हे स्वतः ठरवतं. अशा ठिकाणी ८६४०० लिहा की ९०००००, फरक पडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच सर्व्हरवर बसवताना अनडूची फाइल एका ठरावीक आकाराची करून ठेवलेली असते आणि पुढे तिच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्याकडेही तसंच असावं असा माझा अंदाज आहे. डीबीए डेटा फाइल्स या व्ह्यूमध्ये अनडूच्या फाइलसमोर ऑटोएक्स्टेन्सिबल 'नो' दिसलं, तर तो अंदाज बरोबर.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. रिटेन्शन तुम्ही आज सकाळी वाढवलं. जे अनडू रात्री पुसलं गेलं ते सकाळच्या आकड्याने परत येत नाही. वाढवल्याने फायदा होतो तो त्या क्षणी शिल्लक असलेल्या अनडूला. म्हणून चूक कळल्या कळल्या रिटेन्शन वाढवणं चांगलंच, पण उपाय म्हणून नाही, राहिलेलं वाचवण्यासाठी.

रात्री ते का पुसलं गेलं असेल, हे आकड्यांत बघता येतं. व्ही डॉलर अनडूस्टॅट हा व्ह्यू दर दहा मिनिटांची एक ओळ ठेवतो आणि साधारण चार दिवसांच्या ओळी त्यात मिळतात. त्यातला अनडूब्लॉक्सचा कॉलम दाखवतो त्या दहा मिनिटांत किती ब्लॉक अनडू तयार झालं. ट्यून्ड अनडूरिटेन्शनचा कॉलम दाखवतो ओरॅकल प्रत्यक्षात किती सेकंद राखत होतं. तुमच्या पॅरामीटरपेक्षा हा आकडा खरा. एसएसओल्ड एररकाउंटमध्ये १५५५ किती वेळा आली ते दिसतं.

उदाहरण म्हणून धरा, रात्री बिलाची प्रोसेस चालू असताना दहा मिनिटांत १२,००० ब्लॉक अनडू बनतं. ६०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला २० ब्लॉक. ब्लॉक ८ केबीचा असेल तर सेकंदाला १६० केबी. अनडू टेबलस्पेस ४ जीबी असेल तर या वेगाने ती सव्वासात तासांत एक फेरा पूर्ण करते. तुम्ही सकाळी दहाला काल दुपारी चारचा डेटा मागताय, म्हणजे अठरा तास मागे. रात्रभर हाच वेग राहणार नाही हे खरं, पण हंगामात कारखान्याचा काटा रात्रीही चालतो, खेपा पडत राहतात, आणि पंधरवडा बिलाची प्रोसेस बहुतेक ठिकाणी रात्रीच लावतात. त्याच वेगाने चोवीस तास राखायचे तर साधारण १३ जीबी आणि वर थोडी मोकळीक लागेल. स्वतःचे आकडे या हिशेबात घालून बघा. सरासरीचे घेऊ नका, सर्वांत वर्दळीच्या दहा मिनिटांचे घ्या.

ज्यांच्याकडे अजून फक्त १५५५ आहे आणि टेबलला कुणी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी इथे एक प्रयत्न शिल्लक असतो. अनडू एका दमात सगळं पुसलं जात नाही. पूर्ण टेबलची क्वेरी मारली तर एका ब्लॉकचं अनडू सापडलं नाही तरी सगळी क्वेरी पडते. तीच क्वेरी खेप क्रमांकाच्या छोट्या पट्ट्यांनी मारा. शंभर-दोनशे खेपांची एक पट्टी, पीएलएसक्यूएलच्या (ओरॅकलच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या) लूपमध्ये. जी निघेल ती वेगळ्या टेबलमध्ये टाकायची, जिथे १५५५ येईल तो क्रमांक नोंदवून पुढे जायचं. सगळ्या खेपा मिळतीलच असं नाही, कधी एकही मिळत नाही. पण जेवढ्या मिळतील तेवढ्या कागदावरून भरायच्या वाचतात. हे करण्याआधी जड प्रोसेस थांबवा, आणि डिस्कवर जागा असेल तर अनडूला आणखी एक डेटाफाइल जोडा, म्हणजे उरलेल्या जुन्या अनडूवर लिहिण्याची घाई कमी होते.

३००५२ ची गोष्ट थोडक्यात. 'व्हर्जन्स बिटवीन' एका ओळीची मधल्या काळातली सगळी रूपं दाखवतं. कधी बदलली, इन्सर्ट-अपडेट-डिलीट यांतलं काय झालं आणि कोणत्या व्यवहारात, हे त्यासोबतच्या कॉलममध्ये येतं. चूक नेमकी किती वाजता झाली हे शोधायला याच्यासारखं साधन नाही. पण याची खालची सीमा अनडू रिटेन्शनच्या आकड्याशी ताडून बघितली जाते. 'ॲज ऑफ'चं तसं नाही, अनडू शिल्लक असेल तर ते रिटेन्शनच्या मागेही जातं. तुमचं रिटेन्शन ९०० होतं आणि तुम्ही कालची वेळ दिली, म्हणून ३००५२. आकडा वाढवल्यावर सीमेची तपासणी पार झाली, आणि मग खरं अनडू शोधायला गेल्यावर १५५५ आली. एरर बदलली म्हणून आपण पुढे सरकलो असं वाटतं, पण प्रत्यक्षात दार उघडल्यावर आतली खोली रिकामी निघाली एवढंच. खालची सीमा म्हणून वेळेऐवजी 'मिनव्हॅल्यू' द्यायची सवय ठेवा, म्हणजे जेवढं उपलब्ध आहे तेवढं ते दाखवतं. आणि ही क्वेरी व्ह्यूवर चालत नाही, थेट टेबलवर मारावी लागते.

आता १४६६, तुमच्या बाबतीत निर्णायक ठरलेली. अनडूमधली माहिती टेबलच्या त्या वेळच्या रूपाला धरून लिहिलेली असते. टेबलचं रूप बदलणारा डीडीएल, म्हणजे रचनेची आज्ञा, झाला की त्या आधीचं अनडू फ्लॅशबॅक क्वेरीसाठी, म्हणजे जुना डेटा मागणाऱ्या क्वेरीसाठी, ओरॅकल अमान्य करतं. कॉलम काढणं किंवा बदलणं, टेबल मूव्ह करणं, पार्टिशन काढणं, ट्रंकेट, आणि कन्स्ट्रेंट टाकणं हे सगळे त्यात येतात. पीसीटीफ्री, इनिट्रान्स अशा साठवणुकीच्या सेटिंग बदलल्या तर काही बिघडत नाही. चेक कन्स्ट्रेंट टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता, आणि तो कन्स्ट्रेंट मुळात असायलाच हवा होता. पण वेळ चुकली. आता तो काढून टाकूनही उपयोग नाही, काढणं हाही डीडीएलच. त्यामुळे आता पट्ट्यांचा उपायही तुमच्यासाठी संपला. हे स्पष्ट सांगतोय, कारण या क्वेरीवर अजून चार तास घालवलेत तरी हाती काही लागणार नाही.

कधी कधी १४६६ आली तरी कुणी डीडीएल केला हेच आठवत नाही. तेव्हा यूझर ऑब्जेक्ट्समध्ये त्या टेबलची शेवटची डीडीएल वेळ बघा. फक्त एवढं लक्षात असू द्या की एखाद्याला ग्रँट दिलं तरी ही वेळ बदलते, त्यामुळे वेळ ताजी दिसली म्हणजे टेबलचं रूप बदललंच असं नाही. रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये टेबल मूव्ह करून जागा आवळण्याचा प्रकार कुणी लावून ठेवला असेल तर तोही तपासा. अशा ठिकाणी कालचा डेटा रोज पहाटे मागण्यापलीकडे जातो आणि वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

तुम्हाला न आलेल्या पण या रस्त्यावर भेटणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. ओआरए-०८१८० म्हणजे दिलेल्या वेळेला जुळणारा एससीएन सापडला नाही. वेळ आणि क्रमांक यांची जोडी डेटाबेस साधारण पाच दिवसांपुरती ठेवतो, आणि तीही सुमारे तीन सेकंदांच्या अचूकतेने. त्यामुळे चुकीच्या अगदी आधीचा क्षण हवा असेल तर वेळ देऊन नेम लागत नाही, एससीएनच लागतो. ओआरए-०१०३१ आली तर त्या टेबलवर सिलेक्टसोबत फ्लॅशबॅकचा हक्कही द्यावा लागतो. टेबलमध्ये काटा पावतीचे फोटो किंवा स्कॅन लॉब कॉलममध्ये (मोठ्या फाइली ठेवणाऱ्या) असतील तर त्यांच्या जुन्या रूपांचा हिशेब अनडूमध्ये नसतो, लॉबच्या स्वतःच्या जागेत असतो. तिथे २२९२४ येते, आणि सोबतच्या १५५५ मध्ये रोलबॅक सेगमेंटचं नाव कोरं दिसतं. अशा वेळी क्वेरीतून लॉब कॉलम वगळा, बाकीचे कॉलम बहुतेकदा निघतात.

पण या सगळ्यांपेक्षा मी ज्याला जास्त घाबरतो ते म्हणजे एरर न येता चुकीच्या वेळेचा डेटा येणं. तुम्ही दिलेली वेळ डेटाबेस सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे घेतली जाते. सर्व्हर क्लाउडवर असेल आणि यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवलेला असेल, तर तुमचे दुपारचे चार म्हणजे तिथले साडेदहा. तुम्ही चार लिहिलंत तर मिळतो तो आपल्या रात्री साडेनऊचा डेटा, म्हणजे चूक झाल्यानंतरचा. सगळ्या खेपांना तीच एक टोळी दिसते आणि माणूस म्हणतो, जुना डेटा गेला. प्रत्यक्षात तो साडेपाच तास मागे शाबूत असतो. सिस्टाइमस्टॅम्प एकदा सिलेक्ट करून मनगटावरच्या घड्याळाशी जुळवा, मगच पुढे जा. तारीखही नुसती कोटात लिहू नका, टू टाइमस्टॅम्प वापरून फॉरमॅट पूर्ण द्या आणि चोवीस तासांचा द्या. बारा तासांच्या फॉरमॅटमध्ये 'चार' लिहिलं तर ते पहाटेचे चार होतात आणि कुठेही एरर येत नाही. मिनिटांच्या जागी महिन्याचा कोड पडला तर निदान १८१० तरी येते.

आता तुमच्या कामाचं. घाबरून सगळंच थांबवू नका. आधी बघा काय बिघडलंय आणि काय नाही. सभासद कोड, निव्वळ वजन आणि तारीख या कॉलमना त्या अपडेटने हात लावलेला नाही, फक्त टोळी कोड गेलाय. म्हणजे शेतकऱ्यांचं ऊस बिल बरोबर निघू शकतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, ते या चुकीमुळे अडकवू नका. थांबवायचं आहे ते तोडणी-वाहतुकीचं बिल आणि त्यातली उचलीची वसुली. ते चुकीच्या टोळीच्या नावावर एकदा पडलं की डेटाबेस दुरुस्त होऊनही हिशेब महिनोन्महिने सुटत नाही, आणि ज्या मुकादमाची रक्कम कापली गेली त्याची ऐन हंगामात समजूत काढणं तुमच्या शेतकी विभागाला जड जाईल.

कोड परत मिळवण्यासाठी मी या क्रमाने जाईन. दुसऱ्या ठिकाणी स्टँडबाय सर्व्हर, म्हणजे मुख्य सर्व्हरचे लॉग लावून चालू ठेवलेली प्रत, आहे का आणि त्यावर लॉग उशिराने लागतात का, हे सर्वांत आधी बघा. अजून कालच्या साडेचारपर्यंत तो पोहोचला नसेल तर लॉग लावणं लगेच थांबवा आणि तिथून टेबल वाचा. पाच मिनिटांत काम संपेल. तसा सर्व्हर नसेल तर आरमॅनचा, म्हणजे ओरॅकलच्या बॅकअप साधनाचा, बॅकअप. डेटाबेस आर्काइव्हलॉगमध्ये असेल आणि व्हर्जन १२सी किंवा पुढचं असेल, तर आरमॅन एकच टेबल एका ठरावीक वेळेपर्यंत परत आणू शकतं. तो स्वतःच एक तात्पुरता डेटाबेस उभा करतो, त्यातून टेबल काढतो आणि वेगळ्या नावाने तुमच्या डेटाबेसमध्ये आणून ठेवतो. यासाठी मोकळी डिस्क बरीच लागते आणि तुमच्या एडिशनमध्ये ही सोय आहे का ते बघावं लागतं. नसेल तर दुसऱ्या मशीनवर पूर्ण बॅकअप रिस्टोअर करून काल सव्वाचारपर्यंत आणा. वेळ जाईल, पण हा रस्ता खात्रीचा आहे.

बॅकअप म्हणजे फक्त रात्रीची डेटा पंप डंप फाइल (टेबलांची बाहेर काढून ठेवलेली प्रत) असेल तर तिच्यातून परवा रात्रीपर्यंतचे टोळी कोड निघतील, काल दिवसभरातल्या खेपा राहतील. त्या कागदावरून भरण्याआधी काट्यावर जा. बऱ्याच कारखान्यांत वजनकाट्याच्या संगणकावर खेपेची नोंद आधी तिथल्या फाइलमध्ये पडते आणि मग मुख्य सर्व्हरकडे जाते. भरलेलं वजन, रिकामं वजन, वाहन क्रमांक, टोळी असं सगळं त्यात असतं. तुमचा अपडेट मुख्य सर्व्हरवर झाला, काट्यावरच्या फाइलला त्याची खबर नाही. खेप क्रमांक जुळवून तिथून टोळी कोड उचलता येईल. आर्काइव्ह लॉग आहेत पण उपयोगी बॅकअप नाही अशी स्थिती असेल, आणि सप्लिमेंटल लॉगिंग (लॉगमध्ये जादा तपशील लिहिणं) आधीपासून चालू असेल, तर लॉगमायनर हे लॉग वाचणारं साधन त्या अपडेटची उलटी वाक्यं ओळीगणिक काढून देतं. काम किचकट आहे, पण होतं.

जुने कोड कुठूनही मिळाले तरी थेट चालू टेबलवर ओतू नका. वेगळ्या टेबलमध्ये ठेवा, खेप क्रमांकाने चालू टेबलशी जोडा, आणि जिथे कोड वेगळा आहे तेवढ्याच ओळींचा फक्त टोळी कोडाचा कॉलम बदला. मधल्या काळात शेतकी विभागाने एखादी खेप हाताने दुरुस्त केली असेल तर ती वगळा. बदलायच्या ओळींची यादी आधी त्यांना दाखवून सही घ्या. याच कारणासाठी मी अशा वेळी फ्लॅशबॅक टेबल वापरत नाही. ते सगळं टेबल मागे नेतं, आणि काल साडेचारनंतर काट्यावर पडलेल्या खऱ्या खेपाही त्यासोबत जातात.

पुढच्यासाठी काय करायचं, तर अशी चूक कळल्यावर एररचा अर्थ शोधण्याआधी जुन्या डेटाची प्रत काढा. 'क्रिएट टेबल ॲज सिलेक्ट'मध्ये 'ॲज ऑफ' लावलं की जुना डेटा नव्या टेबलमध्ये उतरतो. हा डीडीएल नव्या टेबलवर होतो, मूळ टेबलला धक्का लागत नाही. ही सोय स्टँडर्ड एडिशनमध्येही आहे. तोवर त्या टेबलवर कुणालाही काहीही करू देऊ नका, चांगली दुरुस्तीसुद्धा नाही. आणि हाताने अपडेट चालवण्याआधी व्ही डॉलर डेटाबेसमधला चालू एससीएन कागदावर लिहून ठेवायची पद्धत विभागात लावा. एका ओळीचं काम आहे, आणि मग घड्याळाचा, यूटीसीचा, तीन सेकंदांचा कुठलाच प्रश्न उरत नाही.

काही जण 'रिटेन्शन गॅरंटी' लावा असं सुचवतील. त्याने मुदत न संपलेलं अनडू खरोखर राखलं जातं, पण जागा संपली की नवे इन्सर्ट-अपडेटच ३००३६ देऊन पडतात. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना पावती निघेना, हे तुमच्या कारखान्याला परवडणार नाही. वर सांगितलेला हिशेब करून टेबलस्पेस मोठी केल्याशिवाय गॅरंटी लावू नका. माझा कल वेगळा आहे. खेपा, उचल, दर अशा मोजक्या टेबलना फ्लॅशबॅक डेटा आर्काइव्ह लावा. १२सी पासून ते सर्व एडिशनमध्ये वापरता येतं. वेगळ्या टेबलस्पेसमध्ये ते बदलांचा इतिहास साठवतं, मुदत वर्षभर किंवा जास्त देता येते, आणि 'ॲज ऑफ'ची क्वेरी तशीच राहते, फक्त ती अनडूवर अवलंबून राहत नाही. पूर्ण हंगाम आणि त्यानंतरचं ऑडिट संपेपर्यंतची मुदत ठेवा. डिस्क लागते, तेवढी मंजूर करून घ्या.

पुढे मदत करायची तर मला एवढं कळवा: ओरॅकलचं व्हर्जन आणि एडिशन, आर्काइव्हलॉग चालू आहे का, शेवटचा आरमॅन बॅकअप कधीचा, आणि काट्याचा संगणक स्वतःची नोंद ठेवतो का. आणि आज संध्याकाळच्या आत एक करा. रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये 'डिलीट ऑब्सोलीट' किंवा आर्काइव्ह लॉग पुसण्याची ओळ असते, ती तात्पुरती बंद करा, आणि परवाचा बॅकअप व तेव्हापासूनचे सगळे आर्काइव्ह लॉग दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.